जोहरच्या रांगेतले हात

नमाजात उभं राहताना उजवा हात डाव्या हातावर बांधतात. नजर सजद्याच्या जागी, म्हणजे जिथं कपाळ टेकणार तिथं ठेवतात, आणि आपण कोणापुढं उभे आहोत हे ध्यानात धरतात. यात भांडण्यासारखं काय आहे, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटायचं. पण ते बांधलेले हात अंगावर नेमके कुठं टेकवायचे, बेंबीखाली का छातीवर, यावरून माझ्या मुलीचं लग्न जुळण्याआधीच मोडायला निघालं होतं. तो प्रकार आठवला की अजून माझं डोकं तापतं. तापल्या डोक्यानं लिहू नये, असं मी वर्गात पोरांना सांगतो. पण थंड डोक्यानं मला हे लिहिताच येणार नाही.

मी डोंगरकड्याला शाळेत मराठी शिकवतो. मोठा भाऊ केळीच्या बागा घेतो, गाड्या भरून पाठवतो. वडील गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्याचा. घरी आम्ही दखनी आणि मराठी अशी मिसळून बोलतो की कोणतं वाक्य कुठल्या भाषेत सुरू झालं आणि कुठल्या भाषेत संपलं, हे आमचं आम्हालाही कळत नाही. इथं मी बहुतेक बोलणं मराठीत लिहितोय. गावच्या मशिदीत सगळे हात बेंबीखाली बांधतात. ती हनफी रीत, सुन्नी मुसलमानांतल्या चार मजहबांपैकी, म्हणजे पंथांपैकी एकाची. लहानपणी वडिलांनी माझे हात धरून तिथं ठेवले आणि ते तिथं राहिले. त्याचा मी कधी विचार केला नाही.

मुलगी कळमनुरीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. आधीची स्थळं तिनं नाकारली होती, कारण प्रत्येक जण पहिलं विचारायचा, नोकरी सोडशील ना? मग शिरड शहापूरचं स्थळ आलं. मुलगा विहिरीच्या मोटारी दुरुस्त करतो, जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करतो. आमच्या परवानगीनं दोघं फोनवर बोलले. त्यानं विचारलं, "शिरडहून वसमत जवळ पडतं. तिथल्या लॅबमध्ये जागा आहे का, मी चौकशी करू का?" फोन ठेवून ती आईजवळ गेली आणि म्हणाली, "अम्मी, याला हो म्हणा." एवढंच. पण ते म्हणताना तिचा चेहरा मी पाहिला होता. त्या चेहऱ्यावर पाणी पडू द्यायचं नाही, एवढं एकच काम माझ्याकडं होतं.

आणि मी काय केलं? शिरडच्या एका ओळखीच्या मास्तरांकडं मी चौकशी केली, तेव्हा ते म्हणाले, "घर सोन्यासारखं आहे. फक्त ते लोक छातीवर बांधतात." मी ते ऐकलं आणि गिळलं. भावाला सांगितलं नाही. खोटं बोललो नाही, नुसता बोललो नाही. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला या दोहोंतला फरक फार सोयीचा असतो.

पाहुणे रविवारी आले. बायका आत गेल्या. बाहेर मुलगा, त्याचे वडील, भाऊ आणि मी. मुलाच्या वडिलांनी सिद्धेश्वरच्या कालव्यावर पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्ती घेतलेली. बोलायला मऊ माणूस. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं, तेवढ्यात जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची अजान झाली. भाऊ उठला, "चला, आधी नमाज, मग जेवण." पाहुण्यांना मशिदीत न्यायचं, आपल्या शेजारी उभं करायचं, हा आमच्याकडचा रिवाज. नमाजात माणूस कळतो, असं जुने लोक म्हणतात. मला त्या रिवाजाची त्या दिवशी धास्ती होती.

रांगेत भाऊ, त्याच्या शेजारी मी, माझ्या शेजारी मुलाचे वडील, त्यांच्या पलीकडं मुलगा. इमामसाहेबांनी तकबीर म्हटली, अल्लाहू अकबर. हात कानापर्यंत गेले. आता खाली यायचे, तर माझ्या मनात आलं, शेजारी पाहुणा आहे, त्याला परकं वाटू नये. तेवढ्या क्षणात माझे हात छातीवर थांबले. कुर्त्याचं बटण तळव्याखाली लागत होतं. पन्नाशीच्या आत-बाहेरचा माणूस मी, जन्मात पहिल्यांदा असा उभा होतो आणि कोणाच्या तरी सोफ्यावर अवघडून बसल्यासारखं वाटत होतं. नमाज कशी झाली ते मला सांगता येणार नाही. नजर सजद्याच्या जागी हवी होती, ती डाव्या-उजव्या बाजूला फिरत होती. पलीकडं पाहतो तर मुलानं हात बेंबीखाली बांधलेले! अगदी आमच्यासारखे. त्या बिचाऱ्यानं आमच्यासाठी खाली घेतले होते आणि मी त्यांच्यासाठी वर घेतले होते.

एवढ्यावर भागलं असतं. पण भावानं माझे हात पाहिले आणि मुलाच्या वडिलांनी मुलाचे. म्हणजे आम्ही चौघंही अल्लाहपुढं उभे राहून एकमेकांचे हात तपासत होतो. हे लिहिताना मला हसू येत नाही.

दस्तरखान मांडला. बगारा खाना, दालचा, बायकोनं पहाटेपासून खपून केलेलं सगळं. भावानं पहिला घास घेतला आणि मला विचारलं, "खांदा दुखून राहिला का तुझा?"

"न्हाई, भाईजान."

"मग हात काहून वर चढले?"

मी मान खाली घातली. मला वाटलं, पाहुण्यांसमोर तो एवढ्यावर थांबेल. पण मुलाच्या वडिलांनाही तोंड फुटलं. ते मुलाकडं वळले. "अन् तुमचे काहून खाली घसरले, मियाँ? झुकताना कानापर्यंत उचलले बी न्हाईत. घरी तर बराबर असते सगळं. शीव ओलांडली का माणूस बदलते व्हय?"

"अब्बा, दुसऱ्याचं गाव आहे म्हणून…" मुलगा पुटपुटला.

"गाव दुसऱ्याचं आहे. नमाज कोणाची आहे?"

"त्याला काहून रागवता?" भाऊ मधे पडला, आणि मला क्षणभर बरं वाटलं. पण तो पुढं म्हणाला, "पोरगं बराबर आहे. त्याला रीत कळते. आमचंच येडं आहे."

"न्हाई जी, बराबर तुमचे भाऊ आहेत. मास्तर माणूस. वाचलं असंल कुठं तरी, म्हणून छातीवर बांधले."

"वाचलं? हा? धड्याखालच्या प्रश्नांशिवाय हा काही वाचत न्हाई."

असा प्रकार. ज्याचं माणूस चुकलं होतं तो आपल्या माणसावर चिडला होता आणि समोरच्याच्या चुकलेल्या माणसाचं कौतुक करत होता. मुलगा आणि मी एकमेकांकडं पाहत होतो, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारखे. मग भावानं खिशातून फोन काढला. त्याच्याकडं एका मौलानांचा व्हिडिओ होता. मुलाच्या वडिलांकडंही होता, दुसऱ्या मौलानांचा. दोघांनी एकदमच लावले. दालच्याच्या दोन्ही बाजूंनी दोन मौलाना ओरडायला लागले. दोघांचं म्हणणं एकच: समोरच्याची हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, कमजोर आहे. आमचे दोघं त्यांच्यावरून आवाज चढवत होते.

"चाचा, खाना थंड होऊन राहिला," मुलगा म्हणाला. कोणी ऐकलं नाही.

गोड आलंच नाही. मुलाचे वडील हात धुऊन उभे राहिले आणि म्हणाले, "इस्तिखारा करून कळवतो." इस्तिखारा म्हणजे एखादं काम करावं का करू नये, याबद्दल अल्लाहकडं मार्ग मागण्याची नमाज. चांगली गोष्ट आहे. पण सोयरिकीत हा शब्द आला की आमच्याकडं लोक समजतात, नाही म्हणायचंय पण तोंडानं म्हणवत नाही. पाहुणे गेल्यावर भाऊ चपला घालता घालता मला म्हणाला, "त्या घरी पोरगी द्यायची असंल तर दे. निकाहच्या मजलिसीत मला धरू नको."

मुलीनं आतून सगळं ऐकलं होतं. मी काही सांगायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या अब्बा, उद्या सकाळची ड्यूटी आहे." आणि तिनं न आलेला गोडाचा डबा उचलून फ्रिजमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळेत माझं तोंड पाहून एका सहकाऱ्यानं विचारलं. मी सांगितलं. तो विज्ञान शिकवतो, गावचाच, पाटलाच्या घरचा. सगळं ऐकून म्हणाला, "सर, आमच्यात गंध उभं का आडवं यावरून माझ्या आत्याची सोयरीक फिसकटली होती. तुमचं तर वीतभर खाली-वर आहे. तेवढं चालतंय." मग हसला. मला त्याचा राग आला आणि बरंही वाटलं.

संध्याकाळी मी इमामसाहेबांकडं गेलो. मशिदीला लागून त्यांची खोली आहे. ते कपडे इस्त्री करत होते. मी म्हटलं, "मौलाना साब, एकदा मला नीट सांगा. हात कुठं बांधायचे?"

त्यांनी इस्त्री उभी केली आणि एक उसासा टाकला. हा प्रश्न त्यांना फार वेळा विचारला गेला असावा. मग सांगितलं. आपले हनफी आलिम म्हणतात बेंबीखाली. शाफई म्हणतात बेंबीच्या वर, छातीच्या खाली. हंबली मजहबात एकाहून जास्त मतं आहेत, कोणी खाली म्हणतं, कोणी वर, कोणी म्हणतं दोन्ही चालतं. अहले हदीस, म्हणजे तुमच्या शिरडच्या पाहुण्यांसारखे लोक, छातीवर बांधतात. आणि मालिकी मजहबाचे कितीतरी लोक फर्ज, म्हणजे बंधनकारक नमाजात हात बांधतच नाहीत, सरळ खाली सोडून उभे राहतात. प्रत्येकाकडं रिवायती आहेत. त्या रिवायती कोणी कोणाकडून ऐकल्या, त्यातला कोण किती भरवशाचा, यावर मोठमोठ्या किताबा आहेत. वाद जुना आहे आणि वाद घालणारे आपल्याहून फार मोठे होते.

"मग चूक कोणाची?"

"कोणाचीच नाही. बांधणं ही सुन्नत आहे, पैगंबरांची रीत. जागेवरून नमाज तुटते असं यांच्यातलं कोणीच म्हणत नाही."

मला एकदम चीड आली. "मग हे तुम्ही शुक्रवारी जुम्म्याला सांगत का नाही? भर मशिदीत, माझ्या भावासमोर?"

"सांगतो की," ते म्हणाले. "मग त्याच्या पुढच्या जुम्म्याला मी दुसऱ्या गावात असेन. बिछाना बांधायला याल का मदतीला?"

ते हसले, मग त्यांचा चेहरा बदलला. "एक विचारू? तुम्ही हात वर बांधले, ते कोणासाठी? अल्लाहसाठी का समध्यासाठी, होणाऱ्या व्याह्यासाठी?"

"पाहुण्याला परकं वाटू नये म्हणून."

"म्हणजे समध्यासाठी."

हे मला लागलं. एखादा माणूस छातीवर बांधतो कारण त्याला ते खरं वाटतं. दुसरा बेंबीखाली बांधतो कारण त्याला ते खरं वाटतं. माझा भाऊ कितीही आडमुठा असला तरी त्याचे हात त्याच्या समजुतीवर बांधलेले असतात. माझे कशावर होते? मी विचारलं, ती नमाज पुन्हा पढू का? ते म्हणाले, गरज नाही, तौबा करा आणि विसरा. मला विसरणं जमत नाही. घरी येऊन मी ती जोहर पुन्हा पढली. हात नेहमीच्या जागी बांधले, तर तेही आता भावासाठी बांधल्यासारखे वाटायला लागले! स्वतःचा इतका वैताग मला क्वचित आला असेल. तो मुलगाही घरी बोलणी खात असेल, असं वाटलं. पण त्याचं वय पंचविशी-तिशीचं. त्याला माफ करता येतं.

दिवस जात होते, शिरडहून काही कळत नव्हतं. भावाकडं मी दोनदा विषय काढला. तो म्हणाला, "पोरानं लिहून द्यावं, इथं आला का खाली बांधीन." मी म्हटलं, "भाईजान, खाली बांधले तर होते त्यानं." तो म्हणाला, "त्याच्या बापानं ऐकलं का?"

शेवटी एका संध्याकाळी मुलगी ड्यूटीवरून आली, बुरखा खुंटीला अडकवला आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"अब्बा, मी हात कुठं बांधते?"

मला कळेना. "कुठं म्हणजे?"

"नमाजात. तुम्ही पाहिलं असंल ना कधी. एवढी वर्षं याच घरात पढते."

मी आठवायचा प्रयत्न केला. मुसल्ल्यावर, नमाजाच्या चटईवर उभी असलेली ती मला दिसत होती, ओढणी दिसत होती, हात दिसत नव्हते. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "माझे तरी पाहिले का कधी?"

"छातीवर," मुलगी म्हणाली. "अम्मी बी छातीवर. बडी अम्मी, तुमची भाभी, ती बी. आपल्याच मदरशात आपल्याच हाफिजजींनी शिकवलं. मर्दांनी बेंबीखाली, बायांनी छातीवर. आपल्याच हनफी रीतीनं. त्या घरात जाऊन मला एक बोट हलवायचं न्हाई. अन् तुमी मर्द लोक माझ्यासाठी भांडून राहिले."

ही गोष्ट मी ऐकलेली नव्हती असं नाही. लहानपणी किताबात वाचलेली होती. पण ती बायकांसाठीची म्हणून पान उलटलं, आणि नंतर घरात रोज पाच वेळा ती डोळ्यासमोर होत असताना दिसली नाही. भाऊ आणि मी इतके दिवस ज्याला त्या लोकांची रीत समजत होतो, ती निम्म्या घराची रीत होती.

"तुमी फोन लावता का मी लावू?" मुलीनं विचारलं.

"आधी भाईजानशी बोलतो."

"जा. पण आजच जा."

मी गेलो. भाऊ पलंगावर बसून केळीच्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलत होता. भाभी खाली बसून शेंगा सोलत होत्या. त्याचं बोलणं संपल्यावर मी मुलीचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. तो लगेच म्हणाला, "औरतांचा मसला अलग आहे."

भाभींनी सोलणं थांबवलं. "व्हय, अलग आहे. मग अलग असू शकतंय ना?"

"तू गप. तुला काय कळते?"

"मला काय कळायचं. मी छातीवर बांधते, तुमी बेंबीखाली बांधता, अन् एका घरात जेवून राहिलो. माझ्या बापानं इस्तिखारा कराया पाहिजे होता."

भावाला ठसका लागला. मला हसू आलं, पण मी ते दाबलं. तो उठून बाहेर गेला, दार आपटलं नाही, नुसतं ओढून घेतलं. भाभी म्हणाल्या, "लावा तुमी फोन. यांच्या तोंडून हो निघायचं न्हाई. न्हाई बी निघायचं न्हाई आता."

मी घरी येऊन फोन लावला. मुलगी आणि बायको समोर बसल्या होत्या. मुलाच्या वडिलांनी सलाम घेतला, तब्येतीचं विचारलं. मी विचारलं, "इस्तिखारा झाला का?"

"कशाचा इस्तिखारा, मास्तर. रागात बोललो." मग म्हणाले, "तुमच्या भावाचं जाऊ द्या. तुमी आमच्या रीतीनं बांधता ते मी डोळ्यानं पाहिलं. घरी सांगितलं, माणूस सच्चा आहे."

इथं मी गप्प बसलो असतो तर काम झालं होतं. सोयरीक पक्की होती. मुलगी माझ्याकडं पाहत होती. पण माझ्याच्यानं ते पुन्हा गिळवेना.

"भाईसाब, मी बेंबीखालीच बांधतो. आयुष्यभर तसेच बांधलेत. त्या दिवशी तुमी शेजारी होते म्हणून वर घेतले. तुमाला बरं वाटावं म्हणून. आणि तुमची रीत मला आधीपासून माहीत होती, ती मी भावाला सांगितली नव्हती."

बायकोनं कपाळाला हात लावला.

"म्हणजे सच्चा न्हाई," ते सावकाश म्हणाले.

"न्हाई. भित्रा आहे."

"हं." मग त्यांच्या मागून कोणीतरी काही बोललं, बहुतेक त्यांची बायको. ते म्हणाले, "आमच्या कारट्यानं बी तेच केलं तुमच्यासाठी. त्याला मी आठ दिवस बोलून राहिलो. आता तुमाला काय बोलू? भित्रा समधी बरा असते म्हणा. भांडत न्हाई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पण मास्तर, ऐका. तुमची पोरगी इथं आली का तिला कोणी हात बदलाया सांगणार न्हाई. माझा शब्द."

मी सांगितलं, तिला बदलावे लागतच नाहीत. का ते सांगितलं. ते म्हणाले, "हे लेकानं मला काहून सांगितलं न्हाई?" त्यालाही कुठं माहीत होतं! त्याच्या घरात सगळेच एका जागी बांधतात. दुसऱ्यांच्या बायका कुठं बांधतात हे तो कुठं पाहणार.

मुलगी उठली. आत जाऊन तोंड धुऊन आली. बायको मला म्हणाली, "जरा दमानं खरं बोलत जा. माझा जीव गेला असता."

जुम्म्याची नमाज झाल्यावर भाऊ आमच्या घरी आला. बसला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "तारीख ठरवली म्हणे."

"ठरवायची आहे, भाईजान. तुमच्याशिवाय कशी ठरवू?"

"माझं एकच आहे. निकाह आपलाच मौलाना पढवणार. आपल्या मशिदीचा. त्यांचा न्हाई. मंजूर असंल तर मी मजलिसीत बसतो."

आमच्याकडं निकाह मुलीच्या गावात होतो आणि मुलीच्या गावचेच मौलाना तो पढवतात. त्यावर शिरडच्या लोकांनी ब्र काढला नव्हता, आणि कधी काढलाही नसता. जे आधीच ठरलेलं होतं त्याचीच अट घालून माझा मोठा भाऊ माझ्या दारात उभा होता.

"मंजूर, भाईजान," मी म्हटलं. "त्यांना मी समजावतो."

"समजाव. नरम पडू नको," तो म्हणाला, आणि आत येऊन बसला. मग लग्नाला केळी किती लागतील याचा हिशेब मोठमोठ्यानं करायला लागला.